जुन्या मोटारीचा हिशेब

यंत्राला आयुष्य असते. परंतु ते प्राण्याच्या आयुष्याप्रमाणे एका क्षणी संपत नाही. मोटारीचा एक भाग झिजतो, तो बदलला की ती पुन्हा चालू लागते. मग दुसरा भाग झिजतो. पुरेसा पैसा, पुरेसे सुटे भाग आणि पुरेसा चिकाटीचा कारागीर मिळाला, तर जवळजवळ कोणतीही मोटार कितीही वर्षे चालवता येते. म्हणून ‘आता हिचे दिवस भरले’ असा निर्णय मोटार स्वतः कधीच देत नाही. तो मालकाला द्यावा लागतो, आणि बहुधा तो अशा वेळी द्यावा लागतो, की जेव्हा मोटार गॅरेजमध्ये उघडून पडलेली असते, हातात खर्चाचा अंदाज असतो आणि शांतपणे विचार करण्यास सवड नसते.

भिलाईसारख्या गावात हा प्रश्न घरोघरी पडतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांमध्ये आखलेली वसाहत उभी राहिली. देशाच्या सर्व भागांतून, त्यात विदर्भातूनही, माणसे येथे नोकरीस आली, स्थिरावली आणि निवृत्त झाली. अशा निवृत्त कुटुंबाकडे नोकरीच्या शेवटच्या वर्षांत घेतलेली एखादी मोटार असते. बाजार, दवाखाना, तीस-एक किलोमीटरवरील रायपूर आणि वर्षातून एखादेवेळी सुमारे अडीचशे किलोमीटरवरील नागपूर एवढाच तिचा संचार असतो. ती पंधरा वर्षांची होते, दीड लाख किलोमीटर ओलांडते आणि एके दिवशी मिस्त्री सांगतो, की पन्नास-पंचावन्न हजारांचे काम आहे. नियमित पगार थांबलेल्या घरात ही रक्कम लहान नसते. पण नव्या मोटारीसाठी भविष्यनिर्वाह निधीतील सहा-सात लाख काढणे ही गोष्ट त्याहूनही लहान नसते. चुकीच्या निर्णयाची किंमत दोन्ही बाजूंनी मोठी आहे.

म्हण आणि तिची मर्यादा

या प्रसंगी सर्वांत आधी आठवते ती ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण. मोटार विकली तर साठ हजार येतील आणि तिच्यावर पंचावन्न हजार घालायचे, हा शुद्ध वेडेपणा होय, असे शेजारी सांगतात. वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड वाटतो. वस्तुतः त्यात एक दोष आहे. दुरुस्तीचा खर्च आणि मोटारीची बाजारातील किंमत या दोन रकमांची तुलना विकणाऱ्याच्या कामाची असते. पंचावन्न हजार घालून मोटारीची किंमत पंचावन्न हजारांनी वाढत नाही, हे खरेच आहे. म्हणून विकण्यापूर्वी मोठी दुरुस्ती करणे क्वचितच परवडते. परंतु ज्याला मोटार वापरायची आहे, त्याला मोटारीची किंमत विकत घ्यायची नसून पुढील काही वर्षांचा प्रवास विकत घ्यायचा आहे. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न असा आहे : तेवढाच प्रवास, तेवढ्याच भरवशाने, दुसऱ्या कोणत्या मार्गाने किती खर्चात मिळेल?

विमा कंपन्यांच्या व्यवहारात म्हणीमागचाच विचार दिसतो. भारतातील मोटार विम्याच्या नियमांनुसार दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर मोटार ‘पूर्ण हानी’ झाली असे मानले जाते. कंपनीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. कारण तिला मोटार वापरायची नसते, केवळ रक्कम चुकती करायची असते. तथापि हाच दंडक मालकाने स्वतःस लावून घेण्याचे कारण नाही.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट दिशेची आहे. ‘गेल्या वर्षीच एअर कंडिशनरवर अठरा हजार घातले, त्याआधी टायर घातले, आता सोडून कसे चालेल?’ असे मालक म्हणतो. अर्थशास्त्रात याला बुडालेला खर्च म्हणतात. तो पैसा गेलेला आहे. मोटार ठेवली तरी तो परत येत नाही आणि विकली तरी येत नाही. गतवर्षी घातलेले टायर अजून चांगले असतील, तर पुढे टायरांचा खर्च येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. निर्णय नेहमी आजपासून पुढे होणाऱ्या खर्चावर व्हावा. मागील पावत्या कपाटातच राहू द्याव्यात.

पूर्वी हा प्रश्न का नव्हता

आपल्याकडे मोटार दुरुस्त करीत राहण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला सबळ कारणे होती. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर १९५७ पासून बनू लागली. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सची फियाट बनत असे, तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. परवान्यांच्या त्या काळात मोटारींचे उत्पादन मर्यादित होते आणि नोंदणी केल्यावर मोटार हाती येण्यास वर्षे लागत. जिथे नवी मोटार सहज मिळतच नव्हती, तिथे जुनी टाकण्याचा विचार कोण करणार? शिवाय मजुरी स्वस्त होती, यंत्ररचना साधी होती, आणि हातोडी, पाने व अनुभव एवढ्या भांडवलावर कुशल मिस्त्री इंजिन उतरवून, सिलिंडर रिबोअर करून पुन्हा बसवीत असे.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली आणि हळूहळू चित्र पालटले. १९९१ नंतर प्रतीक्षायादी संपली. पुढे ॲम्बॅसडरचे आणि मारुती ८०० चेही उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. आजचा मालक म्हणूनच वडिलांच्या पिढीचे उत्तर जसेच्या तसे वापरू शकत नाही. नवी मोटार आता मिळते, वापरलेली मोटारही मिळते. उलट जुन्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बिघडला, तर तो हातोडीने दुरुस्त होत नाही. पर्याय वाढले, म्हणून हिशेबाची गरज निर्माण झाली.

शास्त्र काय सांगते

कारखान्यातील यंत्र केव्हा बदलावे, या प्रश्नाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी बराच केला आहे. अमेरिकन गणिती हॅरल्ड होटेलिंग यांनी १९२५ मध्ये घसाऱ्याचा गणिती सिद्धांत मांडला. जॉर्ज टरबर्ग यांनी १९४९ मध्ये यंत्रे बदलण्याच्या धोरणावर लिहिलेल्या ग्रंथात चालू यंत्राला ‘रक्षक’ आणि त्याच्या जागी येऊ पाहणाऱ्या यंत्राला ‘आव्हानवीर’ म्हटले. हे रूपक अर्थपूर्ण आहे. रक्षक जुना आहे, थकलेला आहे, एवढ्याने तो हरत नाही. त्याला हरवणारा आव्हानवीर प्रत्यक्ष मैदानात असावा लागतो आणि दोघांचा वार्षिक खर्च समोरासमोर ठेवावा लागतो.

१९८७ मध्ये जॉन रस्ट यांनी याच विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अमेरिकेतील मॅडिसन या शहराच्या बससेवेत देखभालीचे प्रमुख असलेले हॅरल्ड झर्कर बसगाड्यांची इंजिने केव्हा बदलत, याच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी रस्ट यांनी तपासल्या. झर्कर यांच्यापुढे दर महिन्याला तोच प्रश्न असे : इंजिन आताच बदलावे, की आणखी एक महिना चालवावे? लवकर बदलले तर चांगल्या इंजिनाचे उरलेले आयुष्य वाया जाते. उशीर केला तर बस प्रवाशांसह रस्त्यात बंद पडते. या अभ्यासातून सामान्य मोटारमालकाने घ्यावयाचा धडा असा, की हा निर्णय एकदाच आणि कायमचा घ्यावयाचा नसतो. आज ठेवण्याचे ठरवले, तरी सहा महिन्यांनी पुन्हा विचार करण्याची मोकळीक असते. मात्र मोठी रक्कम एकदा घातली, की ती मोकळीक आपण विकून टाकतो. म्हणून थोड्या खर्चात काही काळ सुरक्षितपणे निभावणारी दुरुस्ती आणि मोठ्या खर्चाची संपूर्ण दुरुस्ती यांचा विचार स्वतंत्रपणे करावा.

तिसरा विचार जॉर्ज ॲकरलॉफ यांचा. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे चांगल्या मोटारीलाही चांगला भाव येत नाही आणि मालक ती विकण्यास नाखूष होतात, असे त्यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांपैकी ते एक होत. या विचाराचा व्यावहारिक अर्थ असा, की स्वतःच्या मोटारीचा इतिहास मालकाला ठाऊक असणे हीच एक मालमत्ता आहे. तेलपालट केव्हा झाली, अपघात झाला होता काय, हे तो जाणतो. बाजारातून आणलेल्या पाच वर्षांच्या मोटारीबद्दल त्याला यातले काहीच खात्रीने ठाऊक नसते.

आधी निदान, मग निर्णय

हिशेबाला बसण्यापूर्वी मोटारीची खरी अवस्था कळली पाहिजे. डॉक्टर नाडी न पाहता शस्त्रक्रिया सुचवीत नाही. त्याचप्रमाणे ‘इंजिन गेले’ एवढ्या शब्दावर इंजिन उघडू देऊ नये.

धुराचा रंग बरेच सांगतो. निळसर धूर म्हणजे इंजिनातील तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने अधिक होत आहे. इंजिन तापल्यावरही थांबत नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा थर दिसला, तर पाणी तेलात मिसळत असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी हेड गॅस्केट फुटलेले असते किंवा सिलिंडर हेड वाकलेले असते.

यापुढची पायरी कॉम्प्रेशन चाचणीची. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, हे साध्या दाबमापकाने कळते. सर्व सिलिंडरांचा दाब निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळपास असेल, तर इंजिन मुळात सशक्त आहे. एखाद्यात तो बराच कमी भरला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला असतो. वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे असतो. या चाचणीस फारसा वेळ लागत नाही आणि तिचा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने नगण्य असतो.

इंजिनापेक्षाही महत्त्वाचा भाग सांगाडा होय. इंजिन, क्लच, ब्रेक, रेडिएटर हे बदलता येतात. बहुतेक आधुनिक लहान मोटारींमध्ये स्वतंत्र चौकट नसते. पत्र्याचा एकसंध साचा हाच तिचा सांगाडा असतो. दारांखालील पट्ट्या, जमिनीचा पत्रा, सस्पेन्शन ज्या ठिकाणी जोडलेले असते ती जागा, हे भाग गंजून सडले तर वेल्डिंगचे ठिगळ लावून पूर्वीचे बळ परत येत नाही. या बाबतीत भिलाई कोकणापेक्षा भाग्यवान आहे; समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा फार लवकर खातो, येथे ते भय नाही. उलट छत्तीसगडच्या कडक उन्हाळ्याचा ताण रेडिएटर, रबरी नळ्या, बॅटरी आणि टायर यांवर पडतो. कूलंटऐवजी नळाचे पाणी घालण्याची सवय असेल, तर रेडिएटर आतून क्षाराने भरतो आणि मे महिन्यात इंजिन अतितप्त होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून अमलात येऊ लागले; जुन्या मोटारींचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नसल्याने इंधनाच्या नळ्या व सील तपासून घेणेही आता आवश्यक झाले आहे.

सांगाडा सडलेला असेल तर पुढील हिशेब करण्याची गरजच उरत नाही. सांगाडा निरोगी असेल तरच प्रश्न खुला राहतो.

आकड्यांचा हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. मोटार पंधरा वर्षांची आहे, दीड लाख किलोमीटर चाललेली आहे, आज विकल्यास ६०,००० रुपये येतील आणि तीन वर्षांनी २५,०००. दुरुस्तीचा अंदाज असा : इंजिन २८,०००, क्लच ९,०००, सस्पेन्शन ८,०००, रेडिएटर ६,०००, ब्रेक ४,०००, एकूण ५५,०००. वापर वर्षाला ६,००० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि बँकेतील ठेवीवर ७ टक्के सरळ व्याज धरू. कालमर्यादा तीन वर्षांची.

रक्षकाचा, म्हणजे जुन्या मोटारीचा, तीन वर्षांचा खर्च : किमतीतील घट ३५,०००; दुरुस्ती ५५,०००; नोंदणीचे नूतनीकरण ५,०००; पुढील किरकोळ-मोठी कामे वर्षाला २०,००० प्रमाणे ६०,०००; विमा १२,०००; लिटरला १४ किलोमीटर प्रमाणे पेट्रोल १,२९,०००; आणि गुंतलेल्या रकमेवरील बुडालेले व्याज सुमारे २५,०००. एकूण ३,२१,०००, म्हणजे वर्षाला १,०७,०००.

पहिला आव्हानवीर नवी मोटार. किंमत ६,५०,०००, तीन वर्षांनी ४,००,०००. किमतीतील घट २,५०,०००, देखभाल २१,०००, विमा ६०,०००, लिटरला २० किलोमीटर प्रमाणे पेट्रोल ९०,०००, व्याज सुमारे १,३६,०००. एकूण ५,५७,०००, वर्षाला सुमारे १,८६,०००.

दुसरा आव्हानवीर पाच वर्षांची वापरलेली मोटार. किंमत ३,५०,०००, तीन वर्षांनी २,४०,०००. घट १,१०,०००, नावावर करणे व सुरुवातीची कामे २०,०००, देखभाल ३६,०००, विमा २७,०००, लिटरला १८ किलोमीटर प्रमाणे पेट्रोल १,००,०००, व्याज सुमारे ७४,०००. एकूण ३,६७,०००, वर्षाला सुमारे १,२२,०००.

या उदाहरणात म्हण खोटी ठरते. किमतीच्या जवळजवळ बरोबरीचा ‘मसाला’ घालूनही जुनी मोटारच स्वस्त पडते, आणि नव्या मोटारीपेक्षा तर बरीच स्वस्त पडते. नवी मोटार पेट्रोल वाचवते, या समजुतीत तथ्य आहे. परंतु तीन वर्षांतील ती बचत ३९,००० रुपयांची आहे आणि तिच्यासाठी सोसावी लागणारी किमतीतील घट अडीच लाखांची.

तथापि हे उत्तर किती पक्के आहे, तेही तपासावे. समजा, दुसऱ्याच वर्षी गिअरबॉक्स गेला आणि त्यासाठी ४५,००० रुपये अधिक लागले. जुन्या मोटारीचा खर्च ३,६६,००० होतो आणि वापरलेल्या मोटारीची ती जवळजवळ बरोबरी करते. एवढ्या एका बिघाडावर पारडे समतोल होते. समजा, वर्षाचा वापर ६,००० ऐवजी १८,००० किलोमीटर असेल. तर केवळ पेट्रोलचा फरक धरला तरी जुनीचा खर्च ५,७९,००० आणि वापरलेलीचा ५,६७,००० होतो. वाढलेल्या धावेबरोबर बिघाडही वाढतात, ते वेगळेच. म्हणजे ज्याला रोज रायपूरला जावे लागते त्याचे उत्तर आणि आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्याचे उत्तर एक असू शकत नाही.

आणखी एक आव्हानवीर बहुधा विसरला जातो : मोटार नसणे. वापर वर्षाला ३,००० किलोमीटर इतकाच असेल, तर वरील हिशेबाने जुन्या मोटारीचा खर्च वर्षाला सुमारे ८५,००० राहतो, कारण पेट्रोल वगळता इतर खर्च फारसा घटत नाही. भाड्याच्या गाडीला किलोमीटरमागे २० रुपये धरले, तर तेवढाच प्रवास ६०,००० रुपयांत होतो. अर्थात रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली असता दाराशी गाडी असण्याचे मोल ज्या त्या कुटुंबाने ठरवावयाचे आहे.

हे सर्व आकडे केवळ पद्धत समजावण्यासाठी आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालावेत. पद्धत तीच राहते.

दुरुस्तीचे तुकडे पाडणे

मिस्त्रीचा अंदाज एकच आकडा म्हणून स्वीकारू नये. वरील पंचावन्न हजारांत ब्रेकचे चार हजार आणि सस्पेन्शनचे आठ हजार सुरक्षिततेचे आहेत. मोटार एक महिना जरी चालवायची असेल तरी ते करावेच लागतात. रेडिएटरचे सहा हजार टाळले तर इंजिनच जाईल, तेही आवश्यक. क्लच घसरत असेल तर तोही फार काळ थांबणार नाही. उरले इंजिनाचे अठ्ठावीस हजार. कॉम्प्रेशन समाधानकारक असेल आणि हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल जळत असेल, तर वर्षाला तीन लिटर तेल वरून घालावे लागते. त्याचा खर्च अठ्ठावीस हजारांच्या व्याजाइतकाही क्वचितच होतो. अशा वेळी इंजिन न उघडणेच शहाणपणाचे. मात्र धूर प्रदूषण प्रमाणपत्राच्या मर्यादेबाहेर जात असेल किंवा तेलाचा खप महिन्यागणिक वाढत असेल, तर ही सवलत संपते.

भिलाईच्या कारखान्यातही हीच विद्या मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. झोतभट्टीतील उष्णतारोधक विटांचे अस्तर झिजत जाते. ते फुटून अपघात होईपर्यंत कोणी वाट पाहत नाही. भट्टी ठरवून थांबवली जाते आणि तिची मोठी दुरुस्ती, म्हणजे वसाहतीत सर्वांच्या तोंडी असलेले ‘कॅपिटल रिपेअर’, केली जाते. किरकोळ डागडुजी, मोठी दुरुस्ती आणि नवी भट्टी हे तीन वेगळे निर्णय असतात. मोटारमालकाने एवढी शिस्त पाळली, मोटार बंद पडण्यापूर्वी वर्षातून एकदा तिची पाहणी करून वही लिहिली, तरी गॅरेजच्या दारात घाईने निर्णय घेण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.

कायदा आणि सुरक्षितता

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर योग्यता तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. म्हणजे पंधरा वर्षे झाली की मोटार मोडीत काढावीच लागते, ही समजूत बरोबर नाही. दिल्ली व तिच्या परिसरासाठी वेगळे निर्बंध आहेत. ते छत्तीसगडला किंवा महाराष्ट्राला लागू नाहीत. सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढे वाढवली जात नाही. खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. शुल्काची ही चढती पायरीही हिशेबात धरली पाहिजे.

जे आकड्यांत मावत नाही, ते सर्वांत महत्त्वाचे असते. २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढील एअरबॅग आणि चाके न अडकू देणारी ब्रेकप्रणाली बंधनकारक झाली. २०१० मधील स्वस्त मोटारींत यांपैकी बहुधा काहीही नसे, आणि कोणतीही दुरुस्ती ते नंतर बसवून देऊ शकत नाही. शांत सेक्टरांतील रस्त्यांवर ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्याला ही उणीव कमी जाणवेल. अवजड ट्रकांच्या रांगेतून महामार्गाने नागपूर गाठणाऱ्याला ती प्राणांतिक ठरू शकते. जुनी मोटार ठेवण्याचे ठरले, तर ती कोणत्या रस्त्यांवर न्यावयाची नाही, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. लांबच्या प्रवासाला रेल्वे आहे.

निरोपाची रीत

हिशेब मोटारीच्या विरुद्ध गेला, तर निरोपही रीतसर द्यावा. जुनी मोटार भंगारवाल्यास अशीच देऊन टाकली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदोपत्री ती मूळ मालकाचीच राहते. पुढे तिचा गैरवापर झाल्यास जाब त्याला द्यावा लागतो. वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यानुसार नोंदणीकृत केंद्रात मोटार दिल्यावर ठेव-प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे नव्या खाजगी मोटारीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. हा लाभ आव्हानवीराच्या बाजूने मांडावा.

मोडीत गेलेल्या मोटारीचे पोलादही वाया जात नाही. पोलाद बनवताना कन्व्हर्टरमध्ये तापलेल्या रसाबरोबर मोडीचे पोलादही घातले जाते. विजेच्या भट्ट्या तर मुख्यतः त्यावरच चालतात. पोलादाच्या गावातील रहिवाशांना हे निराळे सांगावयास नको.

सारांश, प्रश्नांचा क्रम असा ठेवावा. सांगाडा निरोगी आहे काय? नसेल तर मोटार सोडावी. ब्रेक, सुकाणू व सस्पेन्शन निर्दोष करता येतील काय? नसेल तर सोडावी. उरलेल्या कामांपैकी कोणती आज अटळ आहेत आणि कोणती थांबू शकतात? ती अटळ कामे धरून पुढील तीन वर्षांचा खर्च किती, आणि तेवढ्याच प्रवासासाठी इतर मार्गांचा किती? एखादा मोठा बिघाड आणखी झाला तरी उत्तर तेच राहते काय? राहत असेल, तर शेजाऱ्यांच्या म्हणीकडे दुर्लक्ष करून दुरुस्ती करावी. राहत नसेल, तर केवळ अटळ तेवढेच करावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा वही उघडावी.